चार बोटांचं माप

१

चोरी झाली असती तर व्यवस्थापक एवढे हादरले नसते. चोरीसाठी त्यांच्याकडे छापील फॉर्म होता. मोडतोडीसाठी होता, छप्पर गळण्यासाठी होता, पाहुण्याने टॉवेल लांबवला तर त्यासाठीही होता. पण त्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी जाळ्याच्या घराचं दार ढकललं आणि समोर जे दिसलं त्यासाठी कुठलाच फॉर्म नव्हता. भिंतीवरच्या फाटक्या जाळ्याचं भगदाड कुणीतरी रात्रीत विणून बुजवलं होतं.

"दुरुस्त केलंय!" ते ओरडले. "अहो, कुणीतरी दुरुस्त केलंय!"

आग लागल्यासारखे ओरडत होते, त्यामुळे गावात होती नव्हती ती सगळी माणसं धावत आली. सगळी म्हणजे किती, तर आणखी चार.

गाव जुन्या मच्छीमारांचं. चाळीस घरं, एक दगडी धक्का, उलट्या घालून ठेवलेल्या होड्या, आणि राहायला कुणी नाही. आधी मासे दूर गेले, मग तरुण गेले, मग टेकडीवर नवी वसाहत झाली आणि म्हातारेही चढून गेले. मागे राहिलेलं गाव एका समितीने जसंच्या तसं जपलं होतं. लोक दिवसा बघायला येत, आणि ज्यांना हौस असे ते एखाद्या जुन्या घरात एक रात्र राहत. आतली घरं कुणी कुलूपबंद करत नसे, पण बाहेरचं मोठं फाटक संध्याकाळी आठला बंद होई ते सकाळी सातला उघडे, आणि त्याची किल्ली व्यवस्थापकांच्या कमरेला असे. म्हणजे जे झालं ते आतल्या पाच जणांपैकीच कुणीतरी केलेलं होतं. स्वतः व्यवस्थापक, गावाची देखभाल करणाऱ्या मावशी, दोन दिवसांसाठी शहरातून आलेली मावशींची मुलगी, होड्या दुरुस्त करणारे म्हातारे सुतारकाका, आणि एका रात्रीच्या पाहुण्या, रफूवाल्या बाई.

आता कुणी म्हणेल, फाटकं जाळं शिवलं तर बिघडलं काय? पण हे जाळं साधंसुधं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी मावशींचा नवरा ते घेऊन समुद्रावर गेला. होडी सापडली, होडीमागे लोंबणारं हे जाळं सापडलं, माणूस सापडला नाही. उशीच्या अभ्र्याएवढं ते भगदाड बघायला लोक लांबून येत, त्याच्यापुढे आवाज खाली आणत. खाली व्यवस्थापकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं कार्ड होतं : 'फाटलेलं जाळं. समुद्राने एवढंच परत दिलं.' या कार्डाचा त्यांना फार अभिमान होता.

"अकरा वाजता समितीचे लोक येतायत," ते कपाळ चोळत म्हणाले. "नियम पहिलाच आहे, कुठल्याही वस्तूत बदल करायचा नाही. ज्याने केलं त्याला फाटकाबाहेर जावं लागणार, मग तो कुणी का असेना."

सगळ्यांच्या मागून, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी केलं."

२

रफूवाल्या बाईंना तिथल्या तिथे कळलं की मावशी खोटं बोलताहेत.

बाईंचं वय एकसष्ट. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांची भोकं बुजवण्यात घालवली होती. नवरा शिंपी. तो नवं शिवायचा, त्या जुनं वाचवायच्या. दुकानात मशीनच्या वर त्याने एका जुन्या कॅलेंडरातलं चित्र चिकटवलं होतं, याच गावाचं, धक्का आणि उलट्या होड्या. "एकदा आपण दोघं तिथे एक रात्र राहू," असं तो अठरा वर्षं म्हणत राहिला. पण एकदा लग्नसराई आडवी आली, एकदा शाळांचे गणवेश आडवे आले, आणि गेल्या वर्षी तोच गेला. बाईंनी फोनवर खोली सांगितली तेव्हा पलीकडून विचारलं, किती जण? बाई सवयीने म्हणाल्या, दोघं. चूक लक्षात आली तेव्हा फोन ठेवून झाला होता. त्यामुळे काल संध्याकाळी त्यांच्या वाट्याला दोन खाटा, दोन टॉवेल आणि दोन कप आले होते, आणि दुसऱ्या कपाकडे बघून त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी तो पालथा घालून ठेवला.

अंथरूण घालायला मावशीच आल्या होत्या. मच्छरदाणी पसरली, चारी कोपरे नीट केले, आणि दोऱ्या हातात धरून उभ्या राहिल्या.

"बाई, एवढ्या चार गाठी तुम्हीच मारता का?" त्या ओशाळून हसल्या. "माझ्या बोटांना आता गाठ बसत नाही हो. संधिवात. मारली तर रात्रीत सुटते, आणि डास मग मला शिव्या देत नाहीत, तुम्हाला चावतात."

बाईंनी गाठी मारल्या. मावशींची बोटं त्यांनी पाहिली होती, सुजून वाकडी झालेली, मूठ पुरती न मिटणारी. आणि आता समोरच्या जाळ्यातल्या गाठी होत्या दगडासारख्या घट्ट.

काल आणखी एक गोष्ट झाली होती. मावशींची खोली बाईंच्या शेजारीच, मधली भिंत लाकडी. जेवणं झाल्यावर मुलीचा आवाज आला होता, "बाबा गेले, आई. बावीस वर्षं झाली. तू आता माझ्याकडे चल." मग मावशींचा आवाज, "मी इथून हलले आणि ते आले, तर कुणाला विचारतील?" मुलीने काहीतरी आपटलं. पुढे रडणं कुणाचं होतं ते बाईंना भिंतीतून कळलं नाही.

मावशींना या गावात राहायला मिळत होतं ते देखभालीच्या कामावर होत्या म्हणून. काम गेलं की धक्का गेला, खिडकीतून दिसणारं पाणी गेलं, वाट बघायची जागाच गेली. हे ठाऊक असूनही ही बाई सगळ्यांसमोर आळ आपल्या अंगावर घेत होती. बाईंना ते सहन होईना.

"साहेब," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "अकराला वेळ आहे. तोवर मी हे जाळं जरा बघते. दुसऱ्याने केलेलं काम ओळखणं हा माझा धंदा आहे."

व्यवस्थापकांनी हातच जोडले. सगळे बाहेर गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि दोऱ्याला बोट लावून सुरुवातीपासून चालत गेल्या. नवा दोरा डांबर लावलेला, तपकिरी. गाठी सगळ्या एकाच हाताच्या. जुन्या भागातल्या गाठीला एक वेढा जास्त होता, उगाचच, हौसेने मारल्यासारखा, आणि नव्या भागातही नेमका तसाच. पण नवं काम सपाट बसलं नव्हतं, पोटासारखा झोळ आला होता. नवे चौकोन जुन्यांपेक्षा मोठे होते.

आणि अगदी शेवटी, खालच्या कोपऱ्यात, एक चौकोन बांधलेलाच नव्हता. दोरा पुरून वीतभर उरला होता. टोक नीट वळवून बाजूला खोचून ठेवलं होतं.

३

"घाई झाली असेल," व्यवस्थापक म्हणाले. ते आपल्या कचेरीत कार्डांच्या ढिगाऱ्यामागे बसले होते. "उजाडलं, घाबरले, पळाले. शेवटचा राहिला."

"पळणारा माणूस टोक वळवून खोचत नाही," बाई म्हणाल्या. "दोरा कुणाचा?"

"सुतारकाकांच्या शेडमधला. तिथे कुणीही जाऊ शकतं. विणायची लाकडी सुई तिथलीच, त्याच घरातली. खुंटीवर उलटी टांगलेली सापडली." उलटी टांगलेली सुई हा वेगळा गुन्हा असल्यासारखं तोंड करून त्यांनी सांगितलं.

"तुम्हालाच जाळं शिवावंसं वाटलं नसेल ना? काल तुम्हीच म्हणालात, भगदाड दर पावसाळ्यात वाढतंय, समिती लक्ष देत नाही."

व्यवस्थापक लाल झाले. "बाई, मला बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नाही." त्यांनी पाय पुढे केला. खरंच येत नव्हती.

बाई हसल्या. "बरं, त्या घरात प्रत्येक कुटुंबाची मापाची लाकडी पट्टी ठेवली आहे. चौकोन सारखे यावेत म्हणून दोरा त्या पट्टीवर गुंडाळून गाठ मारायची, बरोबर? मग या जाळ्याच्या शेजारी नुसतंच कार्ड का आहे?"

"'मापाची पट्टी : सापडली नाही.' मीच लिहिलंय. सगळीकडे शोधली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात पट्टी नव्हती. नसेल कशी? पट्टीशिवाय जाळं होतच नाही."

बाई तिथून उठल्या आणि होड्यांच्या शेडकडे गेल्या. सुतारकाका एका पालथ्या होडीवर बसले होते. रंधा हातात होता, चालत नव्हता. सत्तरीचे, हाताचे पंजे फळीएवढे.

"ताई, मला नका विचारू," बाईंनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "सकाळपासून अंगावर काटा आहे माझ्या. तो हात मी डोळे मिटून ओळखीन. तो सावकाशचा हात आहे."

सावकाश म्हणजे मावशींचा नवरा. गाव त्याला याच नावाने हाक मारायचं. सगळे एक वेढा मारत, हा दोन मारायचा. सगळ्यांची जाळी महिन्यात होत, याचं तीन महिन्यांनी. होड्या निघाल्या तरी हा धक्क्यावर उभा राहून बायकोशी बोलत असे, आणि मग सावकाश निघे.

"त्या दिवशी त्याच्याबरोबर मी जायचा होतो," काका म्हणाले. "दाढ दुखत होती म्हणून राहिलो. दाढेपायी ताई. दुसऱ्या दिवशी उपटली, आणि जीभ अजून त्या खड्ड्यात जाते." त्यांनी रंधा होडीवर ठेवून दिला. बाई थांबल्या, त्यांना घाई नव्हती.

"दोन वेढ्यांची गाठ त्याने कुणाला शिकवली होती का?"

"कुणाला शिकवणार? मुलगा नव्हता त्याला. जाळं पुरुष विणायचे. पोरीबाळी सुईत दोरा भरून द्यायच्या, बास."

"आणि त्याच्याकडे पट्टी नव्हती म्हणतात."

"नव्हतीच. चार बोटांवर मापायचा. 'चार बोटं म्हणजे एक चौकोन', हे त्याचं ठरलेलं. आम्ही हसायचो. पण बारीक विणायचा हो, गावात सगळ्यात बारीक."

बाईंनी स्वतःच्या चार बोटांकडे पाहिलं, मग काकांच्या पंजाकडे पाहिलं.

"एक चौकोन सुटा ठेवलाय," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "तेच तर. बाहेरच्यांना ते कळायचं नाही. आमच्यात समुद्रावर जाताना माणूस घरातल्या जाळ्याचा एक चौकोन मुद्दाम सुटा सोडून जायचा. परत आला की आधी तो बांधायचा, मग पाणी प्यायचा. काम अर्धवट टाकून गेलेल्याला परत यावंच लागतं, अशी समजूत."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"मग तो कुणी बांधत नाही, ताई. तो परत आलेल्यानंच बांधायचा."

दूर धक्क्यावर कुणीतरी जोरजोरात झाडत होतं. दोघांनी वळून पाहिलं. मावशी होत्या. नोकरी जाणार म्हणून रडत बसायच्या ऐवजी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती.

४

बाई धक्क्यावर पोचल्या तेव्हा मावशींनी झाडू खाली ठेवला होता आणि त्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या. केस विंचरलेले. चेहरा असा की बावीस वर्षं कुणीतरी पुसून काढली असावीत.

"मावशी, तुमच्या बोटांना मच्छरदाणीची गाठ बसत नाही. जाळ्याच्या कशा बसल्या?"

मावशी लहान मुलीसारख्या पकडल्या गेल्या. इकडे तिकडे पाहिलं आणि बाईंना हाताला धरून खाली बसवलं.

"कुणाला सांगणार नाही ना?"

"काय?"

"ते आलेत."

बाईंनी वळून मागच्या रिकाम्या घरांकडे पाहिलं.

"सकाळी मी गाठींवरून हात फिरवला. दोन वेढे, बाई. दोन वेढे दुसरं कोण मारतं? रात्री आले, आपलं फाटलेलं नीट केलं, आणि एक चौकोन सुटा ठेवून गेले. म्हणजे परत येणार. समोर यायला लाजत असतील. एवढी वर्षं झाली, तोंड कसं दाखवणार? म्हणून मी म्हटलं, मी केलं. साहेबांनी शोधाशोध केली, पोलीस बोलावले, तर घाबरून पुन्हा जातील." त्या हसल्या. "माणूस सावकाशच. यायलाही बावीस वर्षं लावली."

हे कोडं सुटलं तर या बाईचं घर वाचणार होतं आणि नवरा दुसऱ्यांदा बुडणार होता. नाही सुटलं तर नवरा जिवंत राहणार होता आणि त्याची वाट बघायला तिला धक्काच उरणार नव्हता. गेलं वर्षभर दुकानाच्या दाराची घंटी वाजली की बाईंची मानही आधी मशीनकडे वळायची. ही माया कशी असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. एकोणतीस वर्षांची, शहरात कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस, ओठ घट्ट मिटलेले. नऊ वर्षांत ती या गावात आली नव्हती. भेटायचं तर मावशीच जात. बॅग भरून दारात ठेवलेली बाईंनी येताना पाहिली होती.

"बाराच्या बसने मी जाते, आई," ती म्हणाली. "साहेबांना खरं काय ते सांग. नाहीतर मी सांगते, की तू नाही केलंस."

"तू गप्प बस," मावशी म्हणाल्या.

चहा संपल्यावर मुलीने रिकामे कप घेतले आणि धक्क्याच्या पायरीवर समुद्राच्या पाण्यात विसळले. खारं पाणी हाताला लागताच तिने दाताखाली श्वास ओढला, "स्स्." उजव्या हाताची बोटं तिने पदराखाली घेतली. क्षणभरच. पण बाईंची नजर चाळीस वर्षं अशाच बारीक जागी बसलेली होती.

"जरा माझ्याबरोबर चल," बाई तिला म्हणाल्या. "एक माप घ्यायचंय."

५

जाळ्याच्या घरात खिडकीतून ऊन आलं होतं. बाईंनी दार ओढून घेतलं.

"मी बोलते, तू ऐक," त्या म्हणाल्या. "चुकलं तर सांग. पहिली गोष्ट, जो जातो तो चौकोन सुटा ठेवतो. तुझी आई, सुतारकाका, व्यवस्थापक, यातलं कुणीच कुठे जाणार नाही. आज या गावातून जाणारी माणसं दोनच. एक मी. आणि मी नाही केलं, मला ही समजूत आत्ता तासाभरापूर्वी कळली."

मुलगी जाळ्याकडे बघत होती.

"दुसरी गोष्ट हात. ज्याने सगळं आयुष्य दोर ओढले त्याच्या बोटांना दोरा कापत नाही. कचेरीतल्या बोटांना कापतो. करंगळीच्या पेऱ्यात, इथे. मी शिकत होते तेव्हा माझ्याही बोटांची हीच गत होती. दाखव."

तिने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

"आता शेवटचं. तुझे बाबा चार बोटांवर मापायचे. हा जुना चौकोन बघ." बाईंनी स्वतःची बोटं त्यात घातली. तीनच गेली. "माझा हात लहान आहे, तरी चार जात नाहीत. तुझ्या बाबांचा हात तर मच्छीमाराचा. मग ही चार बोटं होती कुणाची?"

मुलीने आपला तळहात उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"तू सात वर्षांची होतीस. शेजारी बसून सुईत दोरा भरून द्यायचीस. पट्टी म्हणून ते तुझाच हात धरायचे, म्हणून घरात पट्टी नव्हती. आणि तुला शिकवलंही, दोन वेढे, चार बोटं. मुलींना कुणी शिकवत नसे, म्हणून गावात कुणाला कळलं नाही. काल रात्री तू तेच केलंस, अगदी सांगितल्यासारखं. फक्त एक विसरलीस बाळ. हात वाढला."

मुलीने हात उचलला आणि नव्या चौकोनात घातला. चारही बोटं बेतल्यासारखी बसली.

"मला झोपच लागली नाही काकू," ती म्हणाली, आणि मग बांध फुटल्यासारखं रडत बोलत राहिली. "मी आईला म्हटलं, बाबा गेले. ओरडून म्हटलं. आणि मग मलाच राहवेना. त्यांचं जाळं फाटकं टांगलंय आणि लोक येऊन फोटो काढतात. मी नऊ वर्षं येत नाही ती यामुळे. मला हे भोक बघवत नाही. वाटलं, एवढं तरी करून जावं. चौकोन मोठे होतायत हे पहाटे कळलं. तेव्हा फार उशीर झाला होता, आणि उसवायला जीव झाला नाही."

"आणि शेवटचा सुटा का ठेवलास?"

तिने डोळे पुसले. "माहीत नाही. हात थांबला. मीही धक्क्यावर बघते ना, आल्यापासून. आईसारखीच. तिला सांगत नाही एवढंच."

मागे दार करकरलं. मावशी उभ्या होत्या, किती वेळ ते कुणालाच माहीत नव्हतं.

६

मावशी जाळ्यापाशी आल्या. त्यांनी मुलीचा हात चौकोनातून काढला, उलटासुलटा करून पाहिला, करंगळीवरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"म्हणजे ते आले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

मावशी खाली बसल्या. ठेवणीतली साडी सगळी जमिनीवर पसरली. त्या रडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या, आणि ते बघणं रडण्यापेक्षा कठीण होतं. बाईंना वाटलं, आपण हे करायला नको होतं. कोडी सोडवणाऱ्याचं काय जातं, तो बाराच्या बसने निघून जातो.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "तुला शिकवलं होतं त्यांनी? मला कधी बोलले नाहीत."

"म्हणाले होते, गंमत करू. मोठी झाले की एक अख्खं जाळं विणून तुला दाखवायचं."

मावशींच्या तोंडावर हसू आलं आणि त्यासोबतच डोळ्यांतून पाणी सुटलं, मग मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाई खिडकीकडे वळल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

थोड्या वेळाने मावशी उठून आपल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी गोधडी घेऊन आल्या. गोधडीत घडी घातलेलं लहानसं जाळं होतं, घरातलं, समुद्र न पाहिलेलं. त्याच्या कडेला एक चौकोन सुटा होता आणि दोऱ्याचं टोक नीट वळवून खोचलेलं होतं.

"हा ते सोडून गेले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी कुणाला हात लावू दिला नाही. घे, तू बांध."

"मी कशी बांधू? तो परत आलेल्यानं बांधायचा."

"मग? तू आलीस ना परत? नऊ वर्षांनी का होईना."

मुलीने खुंटीवरची सुई घेतली. चार बोटं चौकोनाला लावली, जाईनात. एक बोट काढून घेतलं. तीन बरोबर बसली. तिने दोन वेढे मारून गाठ ओढली, दोरा पुन्हा करंगळीला लागला आणि ती पुन्हा "स्स्" म्हणाली. मावशींनी त्या गाठीवरून हात फिरवला. आता ते येणार नाहीत, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या.

व्यवस्थापक घाईघाईने आत आले तेव्हा अकराला दहा कमी होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांच्याच एका कोऱ्या कार्डावर लिहून सही करून दिलं, की नवा दोरा उसवला तर जुना तुटेल, सबब दुरुस्ती आहे तशी ठेवावी, चाळीस वर्षांच्या अनुभवावरून. व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पण मावशींनी काही केलंच नाही ना? आणि मुलगी काही आमच्या नोकरीत नाही. मग काढायचं कुणाला?" या शोधाने त्यांना इतका आनंद झाला की नाडी पायात येऊन ते पडता पडता वाचले. मग बसून त्यांनी आपलं लाडकं कार्ड काढलं आणि त्याच वळणदार अक्षरात नवं लिहिलं : 'सावकाश यांचं जाळं. दुरुस्ती, त्यांची मुलगी. एक चौकोन बाकी.' शेजारचं 'सापडली नाही'चं कार्ड त्यांनी खिशात घातलं. पट्टी सापडली होती.

समितीचे लोक आले, त्यांनी कार्ड वाचलं आणि आवाज खाली आणला. सुतारकाका मात्र आत आले नाहीत. ते दारातूनच त्या दोन वेढ्यांकडे बघत उभे राहिले, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शेडकडे निघून गेले. पाठोपाठ रंधा चालल्याचा आवाज आला.

बारा वाजता फाटकाबाहेर बस लागली. बाई खिडकीशी बसल्या. शेजारची जागा रिकामी होती, तिकडे त्यांनी पिशवी ठेवली आणि पुन्हा उचलून मांडीवर घेतली. तो असता तर म्हणाला असता, बघ, म्हटलं नव्हतं, बघण्यासारखं आहे. आपण त्याच्यावाचून येऊन गेलो याचं बाईंना सबंध रस्ता वाईट वाटत राहणार होतं. परत गेल्यावर चित्रासमोर बसून त्याला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

मुलगी पुढच्या खिडकीशी बसली होती, आणि तिने मांडीवर घेतलेल्या बॅगेचा बाहेर लोंबणारा बंद धरून मावशी खाली उभ्या होत्या.

"चल म्हणणार नाही मी आता," मुलगी म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात येते. तो एक राहिलाय ना बांधायचा."

"ये," मावशी म्हणाल्या. बस सुरू झाली तरी त्यांनी बॅगेचा बंद सोडला नव्हता. मग सोडला, आणि खिडकीशी बसबरोबर चार पावलं चालत गेल्या. "आणि हे बघ, बापासारखी सावकाश येऊ नकोस. लवकर ये."